वामकुक्षीची वेळ

आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, पत्र्याची एक पाटी आहे. 'दुपारी एक ते चार ही विश्रांतीची वेळ आहे. कोणाचीही बेल वाजवू नये. जिन्यात उभे राहून बोलू नये. बोलायचेच असल्यास रस्ता मोकळा आहे.' शेवटचं वाक्य माझं. मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना ही पाटी लागली आणि त्या वाक्याला सभेत एकानेही हरकत घेतली नाही. सदाशिव पेठेत हरकत नाही म्हणजे कौतुकच समजायचं असतं.

लोकांना अशा पाट्यांची फार गंमत वाटते. जिन्यात येऊन फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. पाठवू देत. मी आयुष्यभर वेधशाळेत नोकरी केली. आम्ही पाऊस सांगितला की ऊन पडायचं, आणि पेठेतला जो तो मला गाठून विचारायचा, 'काय घारपुरे, आज छत्री घेऊ की टोपी?' त्यामुळे हसणाऱ्यांचं मला नवल नाही. राग येतो, पण नवल नाही.

तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक आमचं, म्हणजे माझं आणि आनंदीचं, आणि शेजारी पद्मजाबाई ओगले. दारं शेजारी-शेजारी आणि झोपायच्या खोल्यांची भिंत सामाईक. पद्मजाबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारलं नाही, कारण त्यांचं उत्तर ऐकायची कोणाची छाती नव्हती. आनंदीची आणि त्यांची मात्र गट्टी होती. आम्हाला मूलबाळ नाही, त्यांना कोणी नाही, तेव्हा दोघींना एकमेकींशिवाय बोलायला होतं कोण?

एका एकादशीला भर दोन वाजता आमची बेल वाजली. दारात पद्मजाबाई, हातात साबुदाण्याच्या वड्यांची ताटली. मी फक्त जिन्याकडे, पाटीच्या दिशेने, बोट दाखवलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटली घेऊन परत गेल्या. 'वडे गरम होते,' एवढंच आनंदी म्हणाली. त्या दिवसानंतर चारच्या आत पद्मजाबाईंनी आमची बेल कधी वाजवली नाही. आनंदीच दुपारी कडी न वाजवता हळूच त्यांच्याकडे जायची. दोघी कुजबुजत बोलत बसायच्या आणि मधूनच त्यांचं दाबलेलं हसू भिंतीतून माझ्या खोलीत यायचं. त्या हसण्यावर मला छान झोप लागायची, हे मला ते बंद झाल्यावर कळलं.

आनंदी गेल्यापासून मी दुपारी झोपलेलो नाही. पडतो रोज. जेवण झालं की मोबाईल बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवायचा, डाव्या कुशीवर व्हायचं आणि पंखा बघायचा. साऱ्या इमारतीत अशी शांतता असते की खालच्या मजल्यावर कोणी भांडं ठेवलं तरी कळतं. सगळे झोपलेले असतात आणि मी सगळ्यांची झोप राखत जागा असतो. बाकीच्यांना वाटतं, घारपुरे झोपलेत. वाटू दे.

दुखण्याचं म्हणाल तर तेही असंच न सांगता आलं. ॲसिडिटी म्हणून सोनोग्राफी केली तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली निघाली. फुगवटा खालून सुरू होऊन थेट छातीपर्यंत चढलेला. सर्जन शांत माणूस होता. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं की हा तुकडा कापून काढायचा आणि तिथे कापडी नळी बसवायची, नाहीतर कधी फुटेल सांगता येत नाही. मग त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "पायांबद्दल तुम्हाला सांगितलं पाहिजे."

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जे रक्त मिळतं ते याच वाहिनीतून निघणाऱ्या बारीक फाट्यांमधून. तुकडा बदलला की त्यातले काही फाटे बंद होतात. मग रक्ताला आजूबाजूच्या आडवाटांनी तिथवर पोचावं लागतं. "दाब चांगला असेल तर पोचतं. दाब पडला तर नाही पोचत," सर्जन म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याच्या नळासारखं." तो हसला आणि म्हणाला, बरोबर तसंच. रक्त पोचलं नाही तर कमरेखालचं जातं, कधी ऑपरेशनच्या टेबलावरच, कधी नंतर, अगदी घरी गेल्यावरसुद्धा. सगळ्यांचं नाही, थोड्यांचं. मी सही केली. त्या थोड्यांत आपण नसतो, असं सही करणाऱ्या प्रत्येकाला वाटत असणार.

शुद्धीवर आलो तेव्हा पाठीत एक बारीक नळी होती, मणक्यातलं पाणी थोडं थोडं काढून आतला भार कमी ठेवायला. दर थोड्या वेळाने एक सिस्टर यायची आणि म्हणायची, "आजोबा, पाय हलवा बघू." मला नातू नाही, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी अंगठे हलवायचो. ती "गुड" म्हणायची आणि पुढच्या कॉटकडे जायची. अतिदक्षता विभागात बाहेर ऊन आहे की अंधार हे कळत नाही. तिची ती हाक हाच माझा दिवस होता. आपले पाय हलतात यावर कोणीतरी खूश होतंय, ही गोष्ट मला इतकी बरी वाटली की पुढे पुढे मी ती यायच्या आधीच हलवून ठेवत असे.

घरी सोडताना सर्जनने मला आणि माझ्या धाकट्या भावाला, श्यामला, समोर बसवलं. पाणी भरपूर प्यायचं. ब्लडप्रेशरची जुनी गोळी बंद, आपल्याला दाब कमी नको आहे. "आणि पाय जड वाटले, मुंग्या आल्या, तर वाट बघायची नाही. कोणतीही वेळ असो. लगेच फोन करायचा आणि इथे यायचं. लवकर आलात तर आपल्याला काही करता येतं." मी मान हलवली. श्याम आणि त्याची बायको वृंदा आठवडाभर माझ्याकडे राहिले. दोघंही दुपारी टीव्ही लावायचे. मी त्यांना म्हटलं, मला आता काही होत नाही, तुम्ही हडपसरला तुमच्या घरी जा. सकाळी स्वयंपाकाला मैनाबाई यायच्या, त्या बारापर्यंत असायच्या. संध्याकाळी श्यामचा फोन. मधल्या वेळात मी आणि पंखा.

त्या दिवशी सकाळपासून माझं पोट बिघडलं होतं. मैनाबाईंनी मऊ भात करून ठेवला, तो दोन घास खाल्ला. पाणी फारसं प्यायलो नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि मला वामकुक्षीत उठायला आवडत नाही. मैनाबाई गेल्या. मोबाईल बंद करून बाहेर ठेवला. उशाशी स्टुलावर तांब्या-भांडं होतं. डाव्या कुशीवर झालो.

पहिल्यांदा उजव्या पायाला मुंग्या आल्या. वाटलं, अवघडला असेल. मग कमरेभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं झालं. कूस बदलावी म्हणून पाय ओढला तर तो आला नाही. दुसरा हलवून पाहिला. अंगठ्याला म्हटलं हल, मोठ्याने म्हटलं, सिस्टर म्हणायची तसं. अंगठा माझ्याकडे बघत राहिला.

उठायला गेलो आणि कॉटवरून खाली पडलो. स्टूल पडलं, तांब्या गडगडत जाऊन भिंतीला लागला, भांडं खणखणत खोलीभर फिरलं. भिंतीपलीकडे पद्मजाबाईंची कॉट करकरली. मग काही नाही. मी फरशीवर पालथा पडून होतो, कमरेच्या खाली माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि मला सगळ्यात आधी वाटलं ते हे, की या आवाजाने त्यांची झोप मोडली.

तांब्या हाताला लागत होता. भिंतही हाताला लागत होती. चार वेळा ठोकलं असतं तर त्या आल्या असत्या. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, आनंदीनेच दिलेली. सर्जनचं वाक्य मी विसरलो होतो असंही नाही. कोणतीही वेळ असो, हे त्याचे शब्द मला त्याच्या आवाजात ऐकू येत होते. पण कोणतीही वेळ म्हणणारा माणूस पेठेतला नव्हता. दीड वाजला होता. दीड वाजता भिंत ठोकायची? ती पाटी मी लिहिलेली, आणि त्याच पाटीवरून मी त्या बाईला गरम वडे घेऊन परत पाठवलेलं. मी स्वतःला सांगितलं, चारला त्या उठतील, चहा ठेवतील, तेव्हा हाक मारू. पाय कुठे पळून जाताहेत.

मरणाची भीती वाटते म्हणतात. मला त्या दुपारी भीती वाटली ती एवढीच, की पद्मजाबाई दार उघडून आत येतील, मला असं पडलेलं बघतील आणि न बोलता जिन्याकडे बोट दाखवतील.

फरशी गार होती, म्हणजे छातीला गार होती. कॉटखाली आनंदीची एक जुनी चप्पल होती, मैनाबाईंच्या केरसुणीला कधी न सापडलेली. एकच. मी तिच्याकडे बघत राहिलो. बाहेरच्या घड्याळाने दोनचे ठोके दिले, नंतर तीनचे. इमारत गाढ झोपेत होती. इतक्या माणसांत मी इतका एकटा कधी नव्हतो, आणि एवढं कळूनही मी तांब्या उचलला नाही.

चार वाजले तसा भिंतीवर तांब्या आपटला. दुसऱ्यांदा आपटायला हात उचलला तोवर दाराचं कुलूप फिरलं होतं. पद्मजाबाई आत आल्या. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात किल्ली. झोपेतून उठलेली बाई इतक्या लवकर कशी आली, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"काय झालं?"

"पाय गेले," मी म्हटलं. "श्यामला फोन करा. नंबर मोबाईलमध्ये आहे. मोबाईल बंद आहे."

त्यांनी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग श्यामला फोन केला. मग माझ्या डोक्याखाली उशी सरकवली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या. पदराच्या टोकाची त्यांनी पिळून पिळून चिंधी केली होती.

हॉस्पिटलात धावपळ झाली. सलाईन, दाब वाढवायची औषधं, पुन्हा पाठीत नळी. एक तरुण डॉक्टर माझ्या तळपायावर किल्लीने रेघा ओढत होता.

"आजोबा, केव्हा सुरू झालं हे?"

"दुपारी."

"दुपारी कधी?"

"जेवणानंतर. दीडच्या सुमाराला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "आणि घरात दुसरं कोणी नव्हतं? शेजारीपाजारी?"

"शेजारी होते."

"मग हाक का नाही मारली?"

"विश्रांतीची वेळ होती."

"कोणाची?"

"सगळ्यांची," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. तो बहुधा पुण्यातला नसावा.

उजवा पाय काही दिवसांनी थोडा परत आला. आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा, धरून उभं राहण्यापुरता. डावा आला नाही. मी सर्जनला सरळ विचारलं, वेळेवर आलो असतो तर? तो म्हणाला, खात्रीने सांगता येत नाही, काही वेळा लवकर येऊनही उपयोग होत नाही. पण त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं नाही. भला माणूस.

तिथून श्यामने मला हडपसरला त्याच्या घरी नेलं. अकरावा मजला, दोन लिफ्ट, व्हीलचेअर थेट बाथरूममध्ये जाईल एवढी दारं. श्याम आणि वृंदा दोघंही सकाळी कामावर जातात ते दिवेलागणीला येतात. सकाळी आंघोळ घालायला आणि उभं करायला भैरू नावाचा गृहस्थ यायचा, पन्नाशीचा, अंगाने दणकट. मला काखेत धरून उभं करताना तो म्हणायचा, "उटा काका. न्हाय जमत म्हनायचं न्हाय. उजव्यावर भार द्या, डावा ऱ्हाऊ द्या तसाच." कधी मला खिडकीशी नेऊन खाली दाखवायचा. "ह्या बिल्डिंगीच्या जागी आमचा ऊस हुता. आता लिफ्टनं शेतात येतो." आणि एकटाच हसायचा. मीही हसायचो. मग त्याची जायची वेळ व्हायची.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी नाही. त्या इमारतीत विश्रांतीची वेळ नावाची गोष्टच नव्हती. सगळा दिवस कोणाच्या ना कोणाच्या दारावर बेल वाजायची, जेवणाची पार्सलं, कपड्यांची पार्सलं, इस्त्रीवाला. मला प्रत्येक बेल ऐकू यायची आणि मी व्हीलचेअर थोडी दाराकडे वळवायचो. आमच्या दाराची बेल कोणीही कधीही वाजवावी अशी मुभा होती. कोणी वाजवत नव्हतं. मला घरी जायचं होतं. माझी भिंत, माझा पंखा, कॉटखालची ती एक चप्पल, मला एवढंच हवं होतं. मी श्यामला म्हटलं की तो म्हणायचा, "दादा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तू एकटा. पुन्हा पडलास तर? कोण येणार आहे दुपारी?" दुपारी कोणी येऊ नये याची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

एक दिवस भर दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. खुर्ची ढकलत गेलो, कडी काढली. पद्मजाबाई. घामाघूम, खांद्याला पिशवी.

"आत येऊ? खाली बघून घेतलं, इथे पाटी नाही."

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. साबुदाण्याचे वडे. "गार झालेत. बस मगरपट्ट्याला अडकली होती." मग खुर्चीच्या कडेवर बसल्या, जशा मुलाखतीला बसतात. मी एक वडा घेतला. गार वडा चिवट लागतो. मी तो सावकाश खात राहिलो.

"घारपुरे, मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी जागी होते."

मी खायचं थांबलो.

"तांब्या पडला तो मी ऐकला. त्याच्याआधी तुम्ही पडलात तेही ऐकलं. उठले, किल्ली घेतली, तुमच्या दाराशी आले. बेलवर बोट ठेवलं होतं मी." त्यांनी ते बोट माझ्यासमोर धरलं, जणू पुरावा म्हणून. "मग म्हटलं, स्टूल पडलं असेल. माणूस आजारातून उठलाय, आत्ता कुठे डोळा लागला असेल. दीडला बेल वाजवली तर काय म्हणेल. परत गेले. पण किल्ली खाली ठेवली नाही. कॉटवर बसून राहिले तशीच. तुम्ही ठोकाल, तुम्ही ठोकाल म्हणून वाट बघत."

"चारपर्यंत?"

"चारपर्यंत."

खालून कुठल्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा ऐकू येत होता. मला राग आला. त्यांचा नाही आला, माझाही नाही, त्या दुपारचा आला. भिंतीच्या एका अंगाला मी तांब्या धरून, दुसऱ्या अंगाला त्या किल्ली धरून, आणि मध्ये वीतभर विटा. आनंदी असती तर तिने आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं असतं.

"तुम्ही दुपारी झोपत नाही?" मी विचारलं.

"मी कधी झोपले? आनंदी होती तेव्हा आम्ही बोलत बसायचो. ती गेल्यापासून पडून असते. रेडिओ लावत नाही, तुमची झोप मोडेल म्हणून." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं. "डॉक्टर म्हणाले असतील ना, लवकर आला असतात तर."

"तसं काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण त्या विश्वास ठेवायला तयार नव्हत्या.

खरं म्हणजे तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं की बाई, झोपत मीही नाही. ते ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं झोपेचा मान घेतलेल्या माणसाला ते एकदम बोलणं जड जातं. मी म्हटलं, "वडे चांगले झालेत." त्या उठल्या, डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मी पुन्हा एकटा उरलो. मग उरलेले सगळे वडे खाल्ले.

त्या रात्री जेवताना श्यामला सांगितलं, मी घरी जातो. त्याने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, पद्मजाबाईंना विचार. त्याने फोन लावला. बराच वेळ बोलणं झालं आणि ठरलं. सकाळी मैनाबाई आणि आंघोळ घालायला एक माणूस, संध्याकाळी दुसरा कोणी, आणि मधल्या वेळात, रोज दोन वाजता, पद्मजाबाई बेल वाजवणार. मी दार उघडायचं. उघडलं नाही तर त्यांनी किल्लीने उघडायचं. "आणि ती पाटी काढून टाकायला सांगू का?" श्यामने विचारलं. त्याने आमच्या सध्याच्या सेक्रेटरींना तसं विचारलंही. ते म्हणाले, पाटी ठरावाने लागली आहे, ठरावानेच निघेल, पुढच्या वार्षिक सभेत विषय घेऊ. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

चार माणसांनी मला खुर्चीसकट जिना चढवला. पहिल्या वळणावर दम खायला थांबले तेव्हा पाटी माझ्या नाकासमोर होती. बोलायचेच असल्यास रस्ता मोकळा आहे. आता रस्त्यावर मी काही पुन्हा उतरणार नव्हतो, हे मला आणि खुर्ची उचलणाऱ्यांनाही कळत होतं. वर गेलो. घराला बंद असल्याचा वास येत होता. मैनाबाईंनी झाडून काढताना कॉटखालची चप्पल बाहेर काढून दारात ठेवली होती. मी ती परत आत ठेवायला सांगितली.

पहिल्या दिवशी जेवण झालं. मैनाबाई गेल्या. मी मोबाईल चालू ठेवला, खिशात ठेवला आणि खुर्ची बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावून बसलो. मांडीवर तांब्या होता, पाणी प्यायला. इमारत हळूहळू शांत झाली. खालचं शेवटचं भांडं वाजलं, एक नळ बंद झाला, मग काही नाही. घड्याळाने दोनचे ठोके दिले.

शेजारचं दार उघडलं. सपाता दोन पावलं चालल्या आणि माझ्या दाराशी थांबल्या. दाराखालच्या फटीत त्यांची सावली दिसत होती. मी बेलची वाट बघत राहिलो. बेल वाजेना. सावली हलेना. त्यांचं बोट कुठे असेल हे मला इकडून नीट दिसत होतं. मग सपाता वळल्या, आणि फटीतून उजेड आत यायला लागला.

मी तांब्या उचलला आणि दारावर आपटला. पुन्हा आपटला. मांडीवर, खुर्चीवर, सगळीकडे पाणी सांडलं.

"पद्मजाबाई, बेल वाजवायची ठरलं होतं."

"झोपला असाल, म्हणून," दाराबाहेरून आवाज आला, हळू, जिन्यातला.

"मी झोपत नाही," मी म्हटलं, आणि हळू म्हटलं नाही. "आनंदी गेल्यापासून एका दुपारी झोपलेलो नाही. त्या दिवशीही जागाच होतो. रोज जागा असतो. वाजवा."

सपाता परत दाराकडे वळल्या. मग बेल वाजली, लांबलचक, आनंदीसुद्धा दचकली असती अशी. तिचा आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला आणि लगोलग दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याखालचं. तेही सगळे जागेच होते.